अंदर सब है

सोलापूरच्या आमच्या चाचांचा जुना मॉनिटर ऐन रमजानच्या तोंडावर कायमचा विझला. पेटीएवढा तो अवजड डबा गेल्याचे आम्हाला दुःख नव्हते. आता तरी चाचा नवा संगणक घेतील, असे वाटले. चाचांनी मात्र सीपीयूच्या खोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अंदर सब है बेटा, सिर्फ दिखता नहीं."

चाचा मूळचे कातिब. कलम-शाईने लग्नपत्रिका आणि जलशांचे इश्तिहार लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचा नूरी नस्तालीक आला, १९९४ मध्ये इनपेज आले आणि कलमवाल्यांची रोजी संपत आली. चाचांनी पन्नाशीत की-बोर्ड शिकून घेतला.

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक, बी.एड. झालेले, पण तारांच्या बाबतीत निरक्षरच. नव्या मॉनिटरला एचडीएमआयची जागा, संगणकाला निळे, पंधरा छिद्रांचे व्हीजीए. दोन्ही टोके बसतील अशी स्वस्त केबल आणली. पडदा काळाच! मग कळले, व्हीजीएतून निघणारा संकेत अ‍ॅनालॉग, एचडीएमआयला हवा डिजिटल. नुसत्या तारेला दुभाष्याचे काम जमत नाही. मध्ये कन्व्हर्टर लागतो, तोही व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा. उलट दिशेचा चालत नाही.

तो जोडला, यूएसबीतून त्याला वीज दिली. सुरुवातीची अक्षरे उमटली आणि विंडोज एक्सपी येताच पुन्हा अंधार. जुन्या डब्यासाठी पडद्याचा वेग ८५ हर्ट्‌झ ठेवलेला होता, नव्याला ६० हवा होता. एफ-८ दाबून व्हीजीए मोडमध्ये शिरलो, वेग ६० केला. पडदा उजळला.

आम्ही खूश. चाचा नाहीत. "हा नून इतका लठ्ठ कसा झाला?"

आम्हाला फरक दिसलाच नव्हता. ४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणले गेले होते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी ते पकडले. मॉनिटरच्या मेनूत प्रमाण बदलले. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या आल्या, पण नून सावरला.

मग चाचांनी एक फाइल उघडली. चाची जात्यावर गायच्या ती दख्खनी गाणी, त्यांच्या तोंडून ऐकून टाइप केलेली, अर्धवट राहिलेली. चाचींच्या इंतकालाला सहा वर्षे झाली. हा खोका भंगारात द्या, असे घरात सर्वांत मोठ्याने सांगत होतो ते आम्हीच.

फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. उरलेली गाणी चाचांना तुटक तुटक आठवत होती. ते गुणगुणू लागले, आम्ही की-बोर्डपुढे बसलो. चार ओळी झाल्या नाहीत तोच मागून आवाज आला, "मास्तर, नुक्ता राहिला."