मिटलेले पोवळे

मराठी माणसाला पोवळे ठाऊक असते ते सोनाराच्या पेटीतले, मंगळाचे रत्न म्हणून. म्हणजे जीव गेल्यावर उरलेला सांगाडा. जिवंत प्रवाळाचे वागणे वाचायचे कसे, हा प्रश्न आम्हां दोघांपुढे आला तो न्यू जर्सीत, भाच्याच्या दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या काचपेटीसमोर. (आपल्याकडे प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा हा मोह इथे नको.)

पेटीत सार्कोफायटॉन नावाचा, अळंबीच्या छत्रीसारखा एक मऊ प्रवाळ होता. त्याची शेकडो इवली तोंडे एकाएकी आत ओढली गेली आणि छत्रीवर मेण चोपडल्यासारखी चकाकी आली. चार दिवस तसेच. "मावशी, हा गेला. सडायच्या आत काढतो," भाचा म्हणाला. भाचेसुनेने निमूटपणे वही पुढे केली. तापमान, खारटपणा, अल्कता : रोजचे आकडे महिनाभर एकाच चालीत. "पाणी बिघडलेलं नाही, तोवर हात लावू नकोस." हा प्रवाळ मधूनमधून अंगावरचा पापुद्रा टाकतो, त्याबरोबर साचलेला गाळ आणि शेवाळही जाते. त्यासाठी तो काही दिवस, कधी दोन आठवडेही मिटून राहतो. नवव्या दिवशी पाण्याच्या झोतात पापुद्रा सुटू लागला. संदर्भ सोडून एकच ओळ वाचू नये, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. तिथे संदर्भ म्हणजे ती वही होती.

आणि सगळ्यांचे 'नेहमीचे' एक नसते. झेनिया दिवसभर मुठी उघडत-मिटत राहतो. त्या हालचालीने पाणी खेळते व त्याच्या देहातील शैवालांचे प्रकाशसंश्लेषण वाढते, असे इस्रायलमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले. दिवसा फुलासारखा निरुपद्रवी दिसणारा गॅलॅक्सिया रात्री लांबच लांब शुंडके सोडून शेजाऱ्याला डंख करतो. म्हणजे निरीक्षणाची वेळही अर्थ ठरवते.

हे उघडणे-मिटणे युरोपात तीनशे वर्षांपूर्वीच वादाचे झाले होते. १७०६ च्या सुमारास मार्सिलीने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या लाल पोवळ्यावर आठ पाकळ्यांची पांढरी 'फुले' उमललेली पाहिली आणि पोवळ्याला वनस्पती ठरवले. पुढच्या दोन दशकांत पेसोनेलने तेच पाहिले. मात्र स्पर्शाने आखडणाऱ्या त्या पाकळ्या त्याने प्राण्याचे अवयव म्हणून वाचल्या. रेओम्यूरने पॅरिसच्या अकादमीपुढे हे मत मांडताना त्याचे नावच घेतले नाही. नाव झाकले ते त्याचे हसे होऊ नये म्हणून! संहिता तीच, वाचन मात्र उलटे.

मात्र धीर धरणे हे सर्वत्र शहाणपणाचे नाही. त्याच आठवड्यात अॅक्रोपोराच्या बुडाशी मांस सुटून पांढरा सांगाडा दिसू लागला. वहीतले आकडे याही वेळी जागेवर होते. पण उघडा पडलेला सांगाडा ही मिटण्याची खूण नव्हे, हे भाचेसुनेने लगेच ओळखले. त्याच संध्याकाळी दोघांनी वरच्या तीन जिवंत फांद्या कापून नव्या दगडांवर चिकटवल्या. आम्ही निघालो तेव्हा दोन तग धरून होत्या. तिसरीचे काही सांगता येत नव्हते.