किल्ली कुणाकडे?

खरं सांगा, स्वतःला शेवटचा मेल कधी पाठवलात? काल रात्रीच ना? पाठवणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच. विषयाच्या रकान्यात 'फायनल', 'फायनल २', नाहीतर 'हेच फायनल'. आणि खाली अटॅचमेंटमध्ये पॅन कार्ड, भाडेकरार, पासपोर्टचं पहिलं पान, सीव्ही... सगळा संसार!

गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स असं सगळं हाताशी असूनही ही सवय काही सुटत नाही. माझी तर अजिबात नाही. फ्रीलान्सरला ना ऑफिसचा सर्व्हर, ना बोलावल्यावर येणारा आयटीवाला. माझं ऑफिस म्हणजे एक लॅपटॉप आणि एक मेल अकाउंट. मुलाखतींचे ऑडिओ, अर्धवट लेख, अजून न मिळालेल्या मानधनाची बिलं, सगळं तिथेच कोंबलेलं. इनबॉक्स हे माझं कपाट आहे म्हणा ना!

आता कपाट म्हटलं की किल्ली आली. आपल्या या कपाटाची किल्ली असते कुणाकडे? आणि ती फक्त आपल्याकडेच असावी, असं आपल्याला खरंच वाटतं का? दुसरा प्रश्न मला दोनदा पडला. दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

एक एप्रिलची थाप

थोडं मागे जाऊया. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ला हॉटमेल सुरू केलं, तेव्हा कुठल्याही कॉम्प्युटरवर बसून आपली पत्रं वाचता येणं हेच जाम भारी होतं. साठवणीची चैन नव्हती. २००४ सालीसुद्धा हॉटमेलवर फुकटात २ एमबी मिळायचे आणि याहूवर ४. २ एमबी म्हणजे दीड फ्लॉपीपेक्षाही कमी! चार फोटो आले की इनबॉक्स तुडुंब. मेल वाचायचा आणि उडवायचा, हाच शिरस्ता.

आणि मग १ एप्रिल २००४ला गुगलने जाहीर केलं, आम्ही १ जीबी देतोय. हॉटमेलच्या पाचशेपट! तारीख बघून अनेकांना ती एप्रिल फूलची थापच वाटली. थाप नव्हती. फक्त इन्व्हाइट असल्याशिवाय खातं उघडता येत नव्हतं, आणि हे थेट फेब्रुवारी २००७पर्यंत चाललं. मी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागले होते, त्यामुळे ही इन्व्हाइटची धमाल मला ऐकूनच माहीत आहे. मामाकडून. मामाचं पुढे येईलच.

एवढी जागा मिळाल्यावर लोक गप्प बसतात होय! त्याच वर्षी रिचर्ड जोन्स या प्रोग्रामरने लिनक्ससाठी 'जीमेल एफएस' तयार केलं आणि ब्यार्के विक्सो याने विंडोजसाठी 'जीमेल ड्राइव्ह'. माय कॉम्प्युटर उघडलं की सी, डी यांच्या शेजारी जीमेल नावाचा आणखी एक ड्राइव्ह! त्यात फाइल ओढून टाकली की ती मेल बनून तुमच्याच खात्यात जाऊन बसायची. म्हणजे आज आपण हाताने करतो, तेच काम तो प्रोग्राम करायचा. गुगलचा त्याला काही पाठिंबा नव्हता. त्यामुळे जीमेलमध्ये काही बदललं की हा जुगाड कोसळायचा, मग नवं व्हर्जन.

मुळात मेल ही व्यवस्था मजकुरासाठी केलेली. फोटो किंवा गाणं पाठवायचं तर आधी त्याचं अक्षरांत रूपांतर करावं लागतं, आणि त्यात फाइल साधारण एक-तृतीयांशाने फुगते. पत्राच्या पाकिटात उशी कोंबण्यातला प्रकार. तरी लोक कोंबत राहिले. २४ एप्रिल २०१२ला गुगल ड्राइव्ह ५ जीबी घेऊन आलं आणि जुगाडाची गरज संपली. सवय मात्र उरली.

पोस्टकार्ड आणि पाकीट

आता किल्ली. आपण पासवर्ड टाकतो, मोबाइलवर ओटीपी येतो, वाटतं काय बंदोबस्त आहे! आहेच. पण तो दारावरचा. जीमेलने जानेवारी २०१०पासून सगळ्यांसाठी एचटीटीपीएस आपोआप सुरू केलं, म्हणजे वाटेत कुणी डोकावणं अवघड झालं. पण मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर पोचल्यावर कंपनीला तो वाचता येतोच. येत नसता तर मेलमधला मजकूर बघून जाहिराती कशा दाखवल्या असत्या? मेल चाळून जाहिराती ठरवणं थांबवतोय, हे गुगलने जाहीर केलं जून २०१७मध्ये.

पूर्वी गावाकडे पोस्टमनच पोस्टकार्ड वाचून दाखवायचे. त्यात चोरी नव्हती, कार्ड उघडंच असायचं. खासगी लिहायचं तर पाकीट. मेलला असं पाकीट दिलं फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने, १९९१मध्ये. नाव पीजीपी. कल्पना एकदम सही आहे. तुम्ही तुमची उघडी कुलपं जगभर वाटून टाकायची. ज्याला तुम्हाला लिहायचंय त्याने मजकूर पेटीत ठेवून तुमचं कुलूप दाबायचं. उघडणारी किल्ली मात्र एकच, तुमच्याकडे. अमेरिकी सरकारला हे इतकं झोंबलं की परवान्याशिवाय हे तंत्र देशाबाहेर गेल्याबद्दल झिमरमन यांची तीन वर्षं चौकशी चालली. १९९६च्या जानेवारीत ती बंद झाली.

मग आपण सगळे पीजीपी का वापरत नाही? कारण वापरायला ते महाकटकटीचं. १९९९मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी बारा जणांना बसवून दीड तास दिला. एकतृतीयांश लोकांनाच मेल नीट कुलूपबंद करता आला. तिघांनी तर गुपित चुकून उघडंच पाठवून दिलं!

कटकट नको म्हणून शॉर्टकट शोधावेत, तर तेही फसतात. २०१२मध्ये सीआयएचे प्रमुख डेव्हिड पेट्रेअस यांना विवाहबाह्य संबंधांवरून राजीनामा द्यावा लागला. ते दोघं एकच जीमेल खातं वापरायचे आणि मेल न पाठवता ड्राफ्टमध्ये लिहून ठेवायचे. पाठवलाच नाही तर पकडणार कोण, हा फंडा. पण ड्राफ्टही कंपनीच्याच कॉम्प्युटरवर असतो, हे हेरखात्याच्या प्रमुखालाही नडलं. कॅनडातली हशमेल ही तर खास सांकेतिक मेलसाठी निघालेली कंपनी. कोर्टाच्या आदेशानंतर तिनेही ग्राहकांचे मेल वाचता येतील अशा रूपात दिले होते, हे २००७मध्ये उघड झालं.

कुलपालाच बांधलेली किल्ली

मला हे सगळं शिकावं लागलं ते एका नर्सताईमुळे. एका खासगी हॉस्पिटलमध्ये सलग दोन-दोन शिफ्ट करायला लावत होते आणि कागदावर एकच दाखवत होते. ताईंकडे ड्युटी चार्टचे फोटो होते. त्या म्हणाल्या, "पाठवते हो, पण माझं नाव कुठे यायला नको. घरात कमावणारी मी एकटी आहे." यावर काय बोलणार!

त्यांना पीजीपी शिकवणं शक्य नव्हतं. दोन ड्युट्यांमध्ये त्यांना जेवायला वीस मिनिटं मिळायची. मग आम्ही साधा मार्ग काढला. स्वतःच्या फोनवर, हॉस्पिटलचं वाय-फाय बंद ठेवून, फोटोंची पासवर्ड घातलेली झिप करायची. झिपमध्येही एईएस नावाचं पक्कं कुलूप निवडायचं, कारण जुनं नेहमीचं कुलूप कच्चं असतं. मेलचा विषय 'दिवाळीचे फोटो', कारण विषयाला कुलूप लागत नाही. पीजीपी वापरलं तरी कुणी, कुणाला, किती वाजता पाठवलं हे बाहेर दिसतंच. आणि पासवर्ड मेलमध्ये नाही, फोनवरही नाही. स्टँडसमोर चहा घेताना तोंडी.

हे फिल्मी वाटेल, पण आपल्या बँकांची स्टेटमेंट आठवा. पीडीएफला पासवर्ड असतो, आणि त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं की तुमच्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख टाका. कुलपालाच किल्ली बांधून ठेवायची, वर किल्ली कशी फिरवायची याची चिठ्ठी!

लेख छापून आला. ताईंची नोकरी शाबूत राहिली. त्यानंतर दोघींनी आपापल्या खात्यातून ते मेल उडवले, ट्रॅशसकट. त्यांच्या सेंटमध्ये एक प्रत असतेच, हे विसरून चालत नाही. आता यात कायद्याचीही एक बाजू आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला सांगितलं. पण आयटी कायद्याच्या कलम ६९ नुसार सरकार कुलूप उघडून मागू शकतं, आणि नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा कागद काम झाल्यावरही कपाटात ठेवायचा का, याचा विचार म्हणूनच करावा लागतो.

तर इथे माझं उत्तर स्पष्ट होतं. किल्ली आमच्या दोघींकडेच. तिसऱ्या कुणाकडे नको.

मामाचं कपाट

मामाच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं झालं. मामा सांगलीला हायस्कूलमध्ये मराठीचा मास्तर. २००५मध्ये एका माजी विद्यार्थ्याने त्याला जीमेलचं इन्व्हाइट पाठवलं आणि मामाला जणू फ्लॅट लागला! दर रविवारी सायबर कॅफेत जाऊन तो कागद स्कॅन करायचा आणि स्वतःला पाठवायचा. विषय ठरलेला, 'जपून ठेवणे'.

२०२१मध्ये मामा गेला. विम्याचे कागद हवे होते, जागेचे हवे होते. मामी म्हणाली, "अगं, सगळं मेलमध्ये आहे म्हणायचे. तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना, बघ की काढून."

पासवर्ड सापडला कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी. सिक्युरिटीवाले कपाळाला हात लावतील, पण आम्ही त्या पानाला नमस्कार केला. ओटीपी मामाच्या मोबाइलवर आला. तो नंबर मामीने रिचार्ज करून चालू ठेवला होता, कारण त्याचे विद्यार्थी अजून फोन करायचे. नंबर बंद पडून दुसऱ्या कुणाला गेला असता, तर सगळंच अडलं असतं.

विमा मिळाला, सातबारा मिळाले. आणि काही वर्डच्या फाइल मिळाल्या, २००६-०७मधल्या. उघडल्या तर नुसती रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि टिंबं. मला वाटलं, मामाने कुलूप लावलंय. तसं काही नव्हतं. त्याने श्री-लिपीच्या फाँटमध्ये टाइप केलं होतं आणि माझ्या लॅपटॉपवर तो फाँट नव्हता. युनिकोड रुळण्याआधीची किती मराठी पानं अशी न लावलेल्या कुलपात अडकली असतील! गावातल्या एका डीटीपीवाल्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. आजी सांगत गेली होती आणि मामा लिहीत गेला होता. तिचं माहेर, विहीर, सासरी आलेला पहिला पावसाळा. ४२ पानं.

आणखी एक झिप होती. नाव 'वैयक्तिक'. तिला खरोखरीचा पासवर्ड होता. कालनिर्णयवरचा चालला नाही. कुलूप जुन्या, कच्च्या पद्धतीचं. माझा एक मित्र म्हणाला, दोन दिवसांत फोडून देतो. मी मामीला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. "त्यांना ठेवायचं होतं, त्यांनी ठेवलं. राहू दे," एवढंच म्हणाली.

तीन कप्पे

तेव्हापासून मी कपाटाचे तीन कप्पे केलेत. पहिला, माझ्यामागे सापडायलाच हवं ते. विमा, बँक, जागा. याला कुलूप नाही, आणि हे फक्त मेलमध्येही नाही. गुगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३पासून आहे. तुम्ही ठरवलेले महिने खातं वापरलं नाही, की तुम्ही नेमलेल्या माणसाला त्यातलं सामान मिळतं. मी आईचं नाव घातलंय. तुम्हीही घाला. कारण दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायचं धोरण गुगलने मे २०२३मध्ये जाहीर केलं आणि त्या डिसेंबरपासून लागू केलं. जपून ठेवलेलं तिथे कायमचं राहीलच असं नाही.

दुसरा कप्पा, दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं. पक्कं कुलूप, पासवर्ड वेगळ्या वाटेने, आणि काम झालं की रिकामा. तिसरा कप्पा फक्त माझा. त्याची किल्ली माझ्याबरोबर जाईल. कुणी विचारलंच तर आईने मामीसारखं उत्तर द्यावं, एवढं तिला सांगून ठेवलंय.

तुम्हीही एखाद्या रविवारी मेलच्या सर्चमध्ये पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडे स्वतःचाच पत्ता टाकून बघा. जी यादी येईल त्यातल्या एकेका मेलचा कप्पा ठरवा. एक दुपार आणि दोन चहा लागतील, जास्त नाही.

आजीची ४२ पानं मात्र मी कुठल्याच कप्प्यात ठेवली नाहीत. युनिकोडमध्ये करून घेतली आणि सगळ्या मामे-मावसभावंडांना पाठवून दिली. विषयाच्या रकान्यात मामाचेच शब्द टाकले, 'जपून ठेवणे'.