डबल बेल

बदलीच्या गावी माणूस काय काय बरोबर नेतो याची यादी केली, तर भांडीकुंडी आणि पुस्तके यांच्या खाली एक रकाना सवयींसाठी ठेवावा लागेल. केंद्र सरकारचा कारकून म्हणून मी जयपूरला आलो आणि भाडे परवडावे म्हणून बगरूला बिऱ्हाड केले. अजमेर रस्त्याने हे गाव जयपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर. रोज संध्याकाळी बसने परततो. छापील कापडाची गाठोडी घेऊन बायका चढतात, कंडक्टर दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारतो, आणि माझा हात नकळत वर जाऊन तिथे नसलेली दोरी शोधू लागतो.

कारण असे की, पदवीनंतर स्पर्धा परीक्षेत यश येईपर्यंत चार वर्षे मी सिटी बसचा कंडक्टर होतो. कोणत्या शहरात, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. त्यानंतर गाड्या बदलल्या, पंच जाऊन तिकिटांची यंत्रे आली. पण एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे निघा, ही भाषा मी शिकलो तेव्हाही चालूच होती.

कंडक्टरचे काम तिकिटे फाडण्याचे, असा लोकांचा समज असतो. तिकिटे, सुटे पैसे, वे-बिल, रात्री डेपोत हिशेब आणि रक्कम कमी भरली तर ती खिशातून घालणे, ही त्यातली कारकुनी. खरे काम ड्रायव्हरचे मागचे डोळे होण्याचे. भरलेल्या गाडीत मागच्या दाराशी काय चालले आहे, हे त्याला कळत नाही. तो आपल्या घंटेवर विसंबून गिअर टाकतो.

माझ्या गाडीच्या ड्रायव्हरांना सगळे नाना म्हणत. ते मला ‘मास्तर’ म्हणत. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी पाच रुपयांच्या सुट्ट्यांवरून एका प्रवाशाशी माझी हुज्जत चालली होती. त्या रागातच, मागे न पाहता, मी दोरी दोनदा ओढली. एक म्हाताऱ्या बाई पायरीवरून उतरत होत्या. त्या पडल्या, मनगट मोडले.

रात्री मी अहवालात लिहिले, ‘बाई चालत्या गाडीतून उतरल्या.’ नानांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, “मास्तर, गाडी चालती कोणी केली, तेही लिहा.” मी तो फाडून दुसरा लिहिला. शिक्षा झाली, ती योग्यच होती.

बाईंना भेटायला गेलो, तेव्हा त्या रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्या एवढेच म्हणाल्या, “घंटा मी ऐकली होती रे लेकरा. पण मला वाटलं, तू मला बघितलंयस.” शिक्षेपेक्षा ते वाक्य जास्त लागले. नानांप्रमाणे त्याही माझ्याच डोळ्यांवर विसंबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नाना पूर्वीसारखेच माझ्या घंटेवर निघाले. त्या विश्वासाने मला सावरले. पुढे, २०२१ साली फाळके पुरस्कार स्वीकारताना रजनीकांत यांनी आपल्या ड्रायव्हर मित्राचे, राज बहादूर यांचे, ऋण सांगितले. मराठी घरातला हा मुलगा बंगळूरला कंडक्टर असताना त्याच्यातला नट त्या मित्राने ओळखला होता. ते ऐकताना मला नानाच आठवले. पुढे पाहत गाडी हाकणाऱ्या माणसाला मागच्याची पारख कशी होते, कोण जाणे!

आता माझ्या हाती दोरी नाही, फायली आहेत. माझ्या टिपणीवर साहेब विश्वासाने सही करतात, आणि कुणा अनोळखी माणसाचे निवृत्तिवेतन पुढे सरकते किंवा अडते. बगरूच्या छिपा मोहल्ल्यातही हेच पाहतो: रेखेचा ठसा जिथे पडला, त्याच्याच आधाराने पुढचा रंग भरला जातो.

परवा आमच्या बसचा पोरगेला कंडक्टर थाप मारायला हात उचलून थांबला. मागे वाकून त्याने कुणाचे तरी गाठोडे आत ओढून घेतले, आणि मग दोन थापा दिल्या. माझा वर गेलेला हात मी हळूच खाली घेतला.