सांध्यांसकट

शिल्पकार मीरा मुखर्जींनी घडवलेल्या मूर्तीसमोर उभा राहिलो की माझे पाय आपसूक मूर्तीच्या मागच्या बाजूला वळतात. चेहरा नंतर पाहता येतो. ती कशी घडली, ते पाठीवर लिहिलेलं असतं. धातूवर बारीक उंचवट्यांच्या ओळी धावतात, काही एकमेकींत मिसळतात, काही मध्येच तुटतात. एखाद्या ठिकाणी दोन भाग जोडल्याची जाडसर रेघ तशीच दिसते. कानस घेऊन ती सपाट करणं अवघड नव्हतं. बाईंनी ती ठेवली, आणि त्या ठेवण्यातच त्यांचं सगळं म्हणणं आहे असं मला वाटत आलं आहे.

त्यांचा जन्म कोलकात्यातला, 1923 चा. शिक्षण आधी चित्रकलेचं, मग 1953 मध्ये शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या कला अकादमीत. तिथे टोनी श्टाडलर या शिल्पकाराने त्यांना आपल्या मातीतल्या परंपरेकडे पाहायला सांगितलं. असा सल्ला पुष्कळांना मिळतो आणि पुष्कळजण तो मान डोलावून विसरतात. मीराबाई परतल्या, काही काळ शाळेत शिकवलं आणि बस्तरची वाट धरली.

तिथल्या घडवा कारागिरांच्या अंगणात बसून त्या ओतकाम शिकल्या. भाताचा तूस मिसळलेल्या मातीचा गाभा करायचा. तो वाळला की मेणाचे सुतासारखे धागे काढून त्यावर शेजारी शेजारी गुंडाळायचे. डोळे, दागिने, केस सगळे त्याच धाग्यांचे. वर अगदी मऊ मातीचा हात फिरवायचा, म्हणजे मेणाची रेघन् रेघ मातीत उमटते. मग जाड मातीचे थर. भट्टीत मेण वितळून निघून जातं, त्याच्या रिकाम्या जागेत वितळलेलं पितळ शिरतं. थंड झाल्यावर साचा फोडायचा. तो एकदाच कामाला येतो, त्यामुळे एकीसारखी दुसरी मूर्ती निघत नाही, आणि धातू कुठे अडला तर कित्येक दिवसांची मेहनत भोकासकट हातात येते. ही रीत फार जुनी. आपल्या कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’मध्ये ती लिहून ठेवली आहे. पण ग्रंथाच्याही आधीपासून ती कुणाच्या तरी बोटांत होती, आणि मीराबाईंना ती बोटांकडूनच हवी होती.

पुढे 1961 ते 1964 अशी काही वर्षं भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासाठी त्या देशभरातल्या धातुकारागिरांमध्ये हिंडल्या. त्यातून ‘मेटल क्राफ्ट्समेन ऑफ इंडिया’ हा ग्रंथ झाला, 1978 चा. माझ्या मते त्यांच्या मोठ्या शिल्पांइतकंच हे काम मोलाचं आहे. परंपरेतून घाट उचलायचे, त्यांवर आपली सही ठोकायची आणि ज्याच्याकडून शिकलो त्याला ‘अनाम’ म्हणून सोडून द्यायचं, हा व्यवहार आपल्या कलाजगताला चांगला अंगवळणी पडलेला आहे. मला त्याचा राग येतो. मीराबाई त्या वाटेने गेल्या नाहीत. 1968 मध्ये सरकारकडून त्यांचा सन्मान झाला तो उत्तम कारागीर म्हणून. म्युनिकला शिकून आलेल्या बाईला हे कमीपणाचं वाटलं असेल असं मला मुळीच वाटत नाही.

शिकलेलं त्यांनी तसंच गिरवलं मात्र नाही. हातात मावणाऱ्या मूर्तींची ती रीत त्यांनी माणसाच्या उंचीच्या पुढे नेली. दिल्लीच्या मौर्य हॉटेलमधला कलिंगचा अशोक अकरा फुटांहून उंच आहे, 1972 चा. एवढा देह एका साच्यात ओतणं शक्य नव्हतं. तुकडे पाडून, वेगवेगळे ओतून तो जोडावा लागला. विजयाचा पस्तावा झालेला सम्राट असा सांध्यांसकट उभा आहे, हे मला फार योग्य वाटतं. गुळगुळीत केलेला अशोक खोटा वाटला असता.

त्यांची बाकीची माणसं मात्र राजे नाहीत. माती वाहणारे, विणकर, नावाडी, बाउल गायक. ‘माती वाहणारे’ या शिल्पात ओझ्याखालच्या शरीरांना एक ताल आहे. बाई हिंदुस्थानी संगीत शिकल्या होत्या. तो ताल तिथूनही आला असेल. बाई त्या कष्टांची कीव करत नाहीत, गौरवाचे झेंडेही लावत नाहीत. काम करताना शरीर जसं वाकतं, तोल सांभाळतं, तसं त्या ते मेणात धरतात.

ओतकामासाठी त्यांनी कोलकात्याजवळचं एलाची हे गाव निवडलं. भट्टी तिथे, मदतीला गावातली माणसं. तिथल्या मुलांना त्यांनी सुईदोरा देऊन कांथा भरतकामाला बसवलं, आणि मुलांनी स्वतःच्या मनाची चित्रं टाक्यांत काढली. 1992 मध्ये पद्मश्री मिळाली. 1998 मध्ये त्या गेल्या तेव्हा बुद्धाची एक भव्य मूर्ती अपुरी राहिली होती. ती त्यांच्यासोबत राबणाऱ्या हातांनी पूर्ण केली. त्या हातांना काम ठाऊक होतं.