लगोरीतले भिडू

लगोरीला काय लागतं? फुटक्या फरशीचे सात तुकडे, एक चेंडू आणि पळायला जागा. चपटे दगडही चालतात. एकावर एक रचायचे, चेंडूनं उडवायचे आणि उडवणाऱ्यांनी पाठीवर चेंडू बसायच्या आत ते पुन्हा रचून 'लगोरी' म्हणून बोंबलायचं. उत्तरेत हाच खेळ पिठ्ठू म्हणून खेळतात, सीमेपलीकडं पाकिस्तानातही.

पण साताऱ्यात आमचा अर्धा खेळ चेंडू हातात येण्याआधीच व्हायचा, तो भिडू पाडताना. दोघं कॅप्टन ठरले की बाकीच्यांनी आपल्या तोडीचा गडी बघून जोडी लावायची. लांब जाऊन कुजबुजत नावं ठेवायची आणि गळ्यात हात टाकून परत यायचं. 'गूळ घेणार का साखर?' 'आड का विहीर?' कॅप्टननं एक मागायचं. गूळ कोण नि साखर कोण हे त्याला ठाऊक नसायचं. तोडीस तोड गड्याशीच जोडी लावायची असल्यामुळं माझी जोडी कायम शेजारच्या दोस्ताशी. म्हणजे शाळेत एका बाकावर, डबा एकत्र, आणि लगोरीत जन्मभर एकमेकांच्या विरुद्ध. त्याचा नेम भयंकर होता. पावसात भिजलेला टेनिस बॉल त्यानं मारला की पाठीवर वळ उठायचा. रात्री अम्मी विचारायची, "किसने मारा रे?" "लगोरी में लगा" म्हटलं की चौकशी तिथंच संपायची. रोजे असले म्हणून कुणी हळू मारलं नाही, आणि मारावं असं मला वाटलंही नाही.

चौथीला इतिहासाचं अख्खं पुस्तक शिवाजी महाराजांचं. ते वाचून साहजिकच एका संध्याकाळी टूम निघाली, आज मावळे आणि मोगल खेळायचं. लगेच एकानं माझ्याकडं बोट केलं, "हा मोगलात." त्यात त्याचा काही वाईट हेतू होता असं आजही मला वाटत नाही. त्याच्या हिशेबानं ते सरळच होतं. माझ्या मात्र कानशिलं गरम झाली. महाराजांच्या आरमारात दौलतखान होते हे मी पुष्कळ नंतर वाचलं, नाहीतर तिथंच सुनावलं असतं. आमच्या डोक्यावरचा किल्लासुद्धा 1700 मध्ये औरंगजेबानं घेतला तेव्हा आझमतारा झाला होता आणि मराठ्यांनी परत जिंकल्यावर अजिंक्यतारा. पण एवढी माहिती दहा वर्षांच्या पोराकडं कुठून असणार?

वाद मिटवला तो दोस्तानं. "असं कुणी कुणाला देत नसतंय. जोड्या पाडायच्या, मग बघू." आम्ही लांब जाऊन नावं ठेवून आलो. मावळ्यांच्या कॅप्टननं 'साखर' मागितली. साखर मी होतो. दोस्त गेला मोगलात! आणि मोगलांनी त्या दिवशी आम्हाला चोपून काढलं, त्यातले निम्मे फटके त्याचेच. घरी गेल्यावर त्यानं हे आजीला सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय रे मावळ्या, आमच्या मोगलाला जेवायला धाडू का तुझ्याकडं?"

पोरं कमी असली की लगोरीऐवजी आबाधोबी. त्यात बाजूच नाहीत, ज्याच्या हाती चेंडू त्यानं दिसेल त्याला हाणायचं. मला ती कधी फार आवडली नाही. बाजू असाव्यात, फक्त रोज नव्यानं पडाव्यात. घड्याळ कुणाकडंच नसे. मगरिबची अजान झाली की दोस्ताची आई दिवा लावायला आत जायची आणि जाता जाता सगळ्यांनाच हाक मारायची. 2022 मध्ये भोंग्यांवरून राज्यभर गदारोळ चालला होता तेव्हा मला ही हाकच आठवत होती.

पुढं नोकरीनं मला सांगलीला आणलं. आमच्या बोळात तेव्हा पोरं अजून लगोरी खेळत. सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवात अफजलखान वधाच्या कमानीवरून मिरजेत दंगल पेटली आणि सांगलीतही संचारबंदी लागली. त्या रात्री समोरच्या काकू दार किलकिलं करून बाहेर आल्या. भिंतीकडेला पोरांनी रचून ठेवलेल्या लगोरीच्या फरशा त्यांनी एकेक करून पदरात घेतल्या. मी खिडकीत दिसलो तसं हळूच म्हणाल्या, "भाईजान, रस्त्यावर दगड दिसायला नकोत. कुणाच्या हाती लागायचे." आणि कडी लावून घेतली. मी दिवा न लावता कितीतरी वेळ तिथंच उभा होतो. चौथीच्या पुस्तकातलं ते प्रकरण आम्ही किती आवडीनं वाचायचो.

दिवसभर पोरं घरात कोंडलेली. माझी पोरगी आठ वर्षांची होती. ती खिडकीतून समोरच्या गॅलरीतल्या पोराशी खुणा करून भांडायची की शेवटचा डाव कुणाचा राहिलाय.

संचारबंदी उठल्यावर पोरं काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. सहाच फरशा मिळाल्या. सातवी काकूंनी पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवली होती आणि ती काही केल्या द्यायला तयार नव्हत्या. "सहावर खेळा की. तेवढंच लवकर रचून होतंय." पोरांनी थोडी कुरकुर केली, मग तिथल्या तिथं जोड्या लावल्या. माझी पोरगी आणि तो समोरचा पोरगा कानात बोलायला बोळाच्या टोकापर्यंत गेले. परत येऊन पोरगी कॅप्टनपुढं उभी राहिली, "बोल लवकर, भडंग का भेळ?"