भोपाळची प्रार्थनास्थळे आणि दारापुढचा रस्ता

मुंबईहून निघालेली आगगाडी भुसावळ, खांडवा, इटारसी ही स्थानके मागे टाकते, नर्मदा ओलांडते आणि विंध्याद्रीचा घाट चढून भोपाळास पोहोचते. नगरात पाऊल ठेवताच प्रवाशाच्या नजरेत भरते ते पाणी. राजा भोजाच्या नावाशी जोडलेले मोठे तळे, त्याच्या खालचे छोटे तळे आणि जुन्या वस्त्यांमधील लहानमोठी तळी यांमुळे या नगरीला तलावांची नगरी म्हणतात. पाण्याच्या पाठोपाठ दिसतात ते मिनार, कळस आणि क्रूस. देवाचे नाव घेणारी इतकी दारे एकमेकांच्या इतक्या जवळ असलेली नगरे थोडीच असतील.

१८१९ पासून १९२६ पर्यंतच्या बहुतांश काळात भोपाळचा कारभार चार बेगमांच्या हाती होता. कुदसिया बेगमेने भर चौकात जामा मशीद उभारली, तिची कन्या सिकंदर बेगम हिने मोती मशीद बांधली आणि नात शाहजहान बेगम हिने ताज-उल-मसाजिद, म्हणजे मशिदींचा मुकुट, या भव्य वास्तूचा पाया घातला. १९०१ साली ती वारली. पुढे पैशाअभावी काम थांबले. १९७१ मध्ये ते पुन्हा हाती घेण्यात आले व १९८५ मध्ये पूर्ण झाले. मोतिया तलावाच्या काठची ही गुलाबी वास्तू पाहून कोणाचेही मन नम्र व्हावे.

तथापि या जुन्या नगरातील रस्ते पालख्या, घोडे आणि हत्ती यांच्यासाठी आखलेले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्यप्रदेशाची राजधानी झाले. २०११ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या सुमारे १८ लाख भरली. माणसे वाढली, घरोघरी दुचाकी आल्या, मोटारी आल्या; चौकातील गल्ल्यांची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ झाली, की मशिदीभोवती वाहनांच्या रांगा लागतात. नवरात्रात छोट्या तळ्याकाठच्या कालीमंदिरापाशी तीच गर्दी होते. जन्माष्टमीस अरेरा टेकडीवरच्या बिर्ला मंदिराची वाट भरून जाते.

आपणही यातून सुटलेले नाही. जहांगिराबाद भागात असिसीकर संत फ्रान्सिसचे महामंदिर आहे. १९६३ साली भोपाळ महाधर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले महागुरू म्हणून युजीन डिसोजा नागपूरहून येथे आले. त्या धर्मप्रांताचे हे मुख्य ख्रिस्तमंदिर होय. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला येणारा भाविक आपली गाडी कोठे लावतो, हा प्रश्न नमाजास किंवा आरतीस येणाऱ्याच्या प्रश्नाहून तिळमात्र वेगळा नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी फतेहगढाकडे पाहावे. ज्या टेकडीवर भोपाळची पहिली मानली जाणारी इवलीशी ‘ढाई सीढी की मशीद’ आहे, तेथेच गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि हमीदिया रुग्णालय उभे आहे. ताज-उल-मसाजिदही तेथून जवळच. डिसेंबर १९८४ च्या त्या भयाण रात्री विषारी वायूने होरपळलेली हजारो माणसे याच रुग्णालयाच्या दारी धावली होती. आजही आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येथे आणले जातात. आडवी लावलेली एक मोटार रुग्णवाहिकेला पाच मिनिटे अडवू शकते. ती पाच मिनिटे कोणाच्या श्वासांची असतील, हे गाडी लावून प्रार्थनेस गेलेल्या माणसाला कळतही नाही.

मग नियम कडकपणे का पाळले जात नाहीत? वाचकहो, अडचण कडकपणाची नाही, समानतेची आहे. ‘त्यांच्या सणाला सूट आणि आमच्या सणाला दंड’ ही कुरबुर भारताच्या कोणत्याही शहरात, कोणत्याही धर्माच्या माणसाच्या तोंडी ऐकू येते. ती खरी असो वा निव्वळ समजुतीची. एकदा मनात घर करून बसली, की दंडाची पावती शिक्षेसारखी न वाटता अपमानासारखी वाटते, आणि गाडीवरचा वाद बघता बघता धर्मावर जातो. म्हणून पोलिसांनी समान वागावे एवढ्याने भागत नाही; ते समान वागतात हे लोकांच्या डोळ्यांना दिसलेही पाहिजे.

कायदा स्वतः आंधळा पक्षपात करीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रार्थनास्थळासाठी निराळा नियम नाही. कलम ११७ प्रमाणे वाहने कोठे उभी राहावीत हे सरकारने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायचे असते. कलम १२७ प्रमाणे मनाईच्या जागी लावलेली गाडी हलविण्याचा किंवा तिच्या चाकाला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. ज्या गुन्ह्यास वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्यासाठी कलम १७७ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळचा दंड १०० रुपयांवरून ५०० रुपयांपर्यंत वाढविला. त्याच दुरुस्तीने आणखी एक मोलाचे कलम घातले, ते २१०-ब: नियम राबविणाऱ्या अधिकाऱ्यानेच या कायद्याखाली गुन्हा केला, तर त्याला दुप्पट शिक्षा. सामान्य माणसाच्या मनातला न्याय येथे कायद्याच्या भाषेत उतरला आहे.

आता छायाचित्र काढून दंडाचे चलान पाठविण्याची पद्धत आली आहे. छायाचित्रात गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ दिसते. मालक कोणत्या देवापुढे हात जोडून उभा होता हे दिसत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु यंत्र कोणत्या दारापाशी रोखायचे हे अखेर माणूसच ठरवितो. शुक्रवारी एके ठिकाणी दहा चलाने आणि मंगळवारी दुसऱ्या ठिकाणी एकही नाही, असे झाले, तर यंत्र निर्दोष असूनही अन्याय घडतो.

तेव्हा न्याय्य व्यवस्था कोणती? पहिली गोष्ट, मनाईची पाटी अशी असावी, की परगावच्या माणसालाही वाचता यावी. न सांगितलेल्या नियमाचा दंड ही लूट होय. दुसरी, मनाई करण्यापूर्वी जवळपास गाडीला जागा द्यावी. तिसरी, सणाच्या दिवशी तासा-दोन तासांची सवलत द्यायचीच असेल, तर ती आधी जाहीर करावी आणि सर्व धर्मांच्या सणांना एकाच मापाने द्यावी. चौथी, रुग्णालयाची वाट, अग्निशामक दलाची वाट आणि पादचाऱ्यांची पदपथावरची वाट यांवर कोणालाही, कोणत्याही दिवशी सवलत नसावी. मग ती मोटार मंत्र्याची असो, मौलवींची असो, महंतांची असो वा आपल्या फादरांची असो.

भाविकांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे उदाहरणही भोपाळातच सापडते. तबलिगी जमातीचा मोठा इज्तिमा पूर्वी ताज-उल-मसाजिदमध्ये भरत असे. गर्दी मावेनाशी झाली, तेव्हा तो नगराबाहेर बैरसिया रस्त्याकडे ईंटखेडीच्या मोकळ्या रानात नेण्यात आला. तेथे वाहनांसाठी वेगळी मैदाने राखली जातात आणि पोलिसांच्या जोडीला जमातीचे स्वयंसेवक गाड्यांना वाट दाखवितात. आपल्याकडे वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतही टेकडीकडे जाणारे रस्ते वाहनांना बंद होतात आणि भाविक पायी चढतात. त्याने कोणाची भक्ती कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

गावात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे सारे दूरचे वाटेल. पण गावच्या सणाला टेंपो, रिक्षा आणि दुचाकी कोठे उभ्या राहतात, ते एकदा पाहावे. शेजारच्या हिंदू घराच्या अंगणाचे तोंड अडलेले असते, एसटीला वळायला जागा नसते, आणि चर्चचे आवार म्हणजे आपलेच म्हणून कोणी बोलत नाही. त्या घरच्या गणपतीला आपल्या दारापुढे गाड्या लागल्या, तर मात्र आपल्याला नियम आठवतो. सणाच्या आठवडाभर आधी तरुणमंडळाने एक शेत किंवा शाळेचे पटांगण मागून घ्यावे, दोऱ्या बांधाव्यात, चार मुले उभी करावीत आणि शेजाऱ्याचे दार मोकळे ठेवावे. पोलीस येण्याची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही. आणि आला, तर त्याने सर्वांना एकच नियम लावावा, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला राहील.