लुगडं नेसतात, घालत नाहीत

सांगली,
रविवार, रात्री साडेदहा

चि. निनाद यास,


तुझा फोटो काल दुपारी आला. खाली लिहिलंयस, "दोन मिनिटांत घातली, आत्याआजी! पणजोबापण घालायचे ना? बालगंधर्व वगैरे?" काल रात्री मला झोप नाही. फोटोमुळे नाही, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू तुझ्या स्वभावाप्रमाणे भलतंच धरून बसशील. फोटोत तू छान दिसतोस. कपाळ आणि हनुवटी तर थेट अण्णांची. झोप उडवली ती 'घातली' आणि 'वगैरे' या दोन शब्दांनी. फोनवर तू नुसता 'हो, हो' करतोस, म्हणून कागद घेतला.

अरे, सदरा घालतात, विजार घालतात, टोपी घालतात. लुगडं नेसतात. धोतरही नेसतात. आपल्या भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले ते उगाच का? घालायचं कापड शिंप्याने आधीच कुणाच्या तरी मापाचं करून ठेवलेलं असतं, आपण त्यात शिरायचं. नेसायचं कापड बाजारातून येतं तेव्हा नऊ वार लांब, सपाट आणि कुणाचंच नसलेलं असतं. गाठ, निऱ्या, कासोटा, ओचा, पदर हे सगळं रोज सकाळी नव्याने करावं लागतं. शेतात चिखलणी असेल तर पोटरीच्या वर, देवळात जायचं तर घोट्यापर्यंत. तू जे घातलंयस ती कमरेला इलॅस्टिक ओवलेली विजार आहे. निऱ्या शिवलेल्या, कासोटा शिवलेला, पदराला तीन पिना. दुकानदार तिला नऊवारी म्हणो, तू म्हणू नकोस. तू अण्णांचा पणतू आहेस.

अण्णा दहाव्या वर्षी नाटक कंपनीत गेले. साल १९२१. त्या जुलैत मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचं संयुक्त 'मानापमान' झालं होतं, आणि पावसाळा संपायच्या आत आजोबांनी अण्णांना कंपनीच्या बिऱ्हाडी नेऊन सोडलं. आवाज गोड, अंग नाजूक, घरात खाणारी तोंडं सात. तालीममास्तरांनी पहिले चार महिने एक ओळ म्हणायला दिली नाही. सकाळी उठल्यापासून लुगडं नेसायचं आणि त्यातच पाणी भरायचं, भांडी घासायची, जिने चढायचे. दोन्ही घोट्यांना सुतळी बांधलेली, पाऊल वितीपेक्षा लांब पडू नये म्हणून. सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. अण्णा म्हणायचे, चार महिन्यांनी एक दिवस सुतळी काढली आणि पाऊल आपोआप तेवढंच पडलं, त्या दिवशी मास्तरांनी पहिली ओळ दिली. हे तू दोन मिनिटांत उरकलंस म्हणून मी चिडले आहे.

आणि एक गोष्ट मला इतक्या वर्षांत कुणी लिहिलेली दिसली नाही, म्हणून तुला लिहिते. त्या काळात पुरुष आणि बाई यांच्या कपड्यांत अंतर किती होतं? अण्णा, त्यांचे वडील, चुलते सगळे धोतर नेसायचे. न शिवलेलं कापड, कमरेला गाठ, निऱ्या, पायांमधून मागे नेऊन खोचलेला कासोटा. लुगड्याचंही तेच. चार वार जास्त, निऱ्यांची बसवणूक वेगळी आणि वर पदर. बोटांना ते ठाऊकच होतं. तुझ्या बोटांना नाही. तुझ्या आजोबांनी धोतर फक्त मुंजीत आणि लग्नात नेसलं, तुझ्या बाबाने तेही शिवलेलं आणलं होतं (मी तेव्हाही बोलले होते, आठवत असेल त्याला), आणि तू जन्मल्यापासून झिप लावतोयस. लुगड्यापासून तू लांब गेलास तो तुझ्या पॅंटमुळे. लुगडं होतं तिथेच आहे.

आता 'वगैरे'. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आपल्या या सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सीता पुरुषच होता. तिथून पुढे नव्वद वर्षं मराठी रंगभूमीवरच्या बहुतेक साऱ्या नायिका पुरुषांनी उभ्या केल्या. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा. केशवराव भोसल्यांची लहानपणची 'शारदा'. मास्टर दीनानाथांची 'भावबंधन'मधली लतिका. ज्यांना सगळा महाराष्ट्र पुढे प्रभातच्या चित्रपटात तुकाराम म्हणून नमस्कार करत होता, ते विष्णुपंत पागनीस आधी स्त्रीपार्टीच होते. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कमला या मायलेकी फाळक्यांच्याच पडद्यावर १९१३ मध्ये आल्या होत्या, पण रंगभूमीला ते पचायला आणखी वीस वर्षं लागली. यांच्याखाली मग लहान लहान कंपन्यांतली आमच्या अण्णांसारखी पोरं, ज्यांचं नाव हस्तपत्रिकेवरही नसायचं. हे तुझे 'वगैरे'.

नारायणरावांबद्दल, म्हणजे बालगंधर्वांबद्दल मात्र अण्णा हळू आवाजात बोलायचे, देवघरात बोलल्यासारखं. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी गेली, आणि रात्री ते भामिनी म्हणून उभे राहिले, हे तुला माहीत आहे. माहीत नसलेलं सांगते. भामिनी श्रीमंताची लेक, आणि तीच पुढे गरीब वनमाला होऊन येते. चेहरा तोच, गळा तोच. अण्णांच्या मते नारायणराव पदराच्या एका वळणावरून सांगायचे की आता ही कोण आहे. 'एकच प्याला'तली सिंधू तर ठिगळाच्या लुगड्यात. ज्या माणसाने खरे शालू आणि खरी अत्तरं यांपायी कंपनी कर्जात बुडवली, तो त्या ठिगळाच्या लुगड्यातही सगळं थिएटर धरून ठेवायचा. बायका नाटकाहून घरी यायच्या आणि नारायणरावांनी पदर कसा घेतला होता, फुलं कशी माळली होती ते आरशासमोर करून बघायच्या. पुरुष बाईकडे बघून शिकला आणि मग बाया त्याच्याकडे बघून शिकल्या. माझं तर म्हणणं आहे की आपल्या आज्या-पणज्यांचं नेसणं अर्धं माजघरात घडलं आणि अर्धं रंगपटात. मला स्वतःला लुगडं अण्णांनी शिकवलं. आईला यायचं, पण आई घाईत असायची.

आईचं तरी काय, १९४० च्या सुमाराला तिनेच गोल पातळ धरलं. तोवर गावात गोल साडी म्हणजे शिकलेल्या बायकांचं काम, सासूने दोन महिने अबोला धरला होता. झंपर गेला, ब्लाउज आला. माझ्या कॉलेजात नायलॉन आली. धुवा, झटका, वाळली. इस्त्री नको की खळ नको, पण पदर खांद्यावर ठरेल तर शपथ. मग बिनबाह्यांचे ब्लाउज, अंबाड्यात केवढालं गंगावन. मी १९७२ साली बेलबॉटम शिवून घेतली तेव्हा गणपतीपेठेत लोकांनी मागे वळून बघितलं, आणि वर्षभरात बघायचे थांबले. मॅक्सी आली, गाऊन आला आणि घरोघरी दूध घ्यायला दारात गेला. पंजाबी ड्रेस आला तो नोकरीवाल्या पोरींचा जीव सोडवायला आला, त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. आता तुझी बहीण तुझ्याच बाबाचे शर्ट घालून ऑफिसला जाते आणि कुणी एक अक्षर विचारत नाही. तेच कुणी तुझ्या बाबतीत विचारल्याशिवाय राहणार नाही. बाईने पुरुषाचा कपडा घेतला तर पन्नास वर्षांत विषय संपला. उलट बाजूने मात्र रस्ता शंभर वर्षांपूर्वी होता त्याहून अरुंद झाला. हे मला सहन होत नाही.

१९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आलं, बायकांची कामं बायकांनी केली. ते व्हायलाच हवं होतं, अण्णाही तसंच म्हणायचे. त्याआधीच बोलपट आला होता, कंपन्या धडाधड बंद पडल्या, आणि अण्णा चोविसाव्या वर्षी हळदीच्या अडत दुकानात खातेवह्या लिहायला बसले. दुःख त्याचं नाही. दुःख याचं की त्यानंतर साडीतल्या पुरुषाकडे बघून फक्त हसायचं एवढंच उरलं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी मी तीस वर्षं इथल्या मंडळींचा कपडेपट सांभाळला. एखाद्या मुलाला साडी नेसवायची म्हटलं की दिग्दर्शक सांगायचा, "जरा वेडीवाकडी नेसवा ताई, हशा यायला पाहिजे." मी कधी वेडीवाकडी नेसवली नाही. विजय चव्हाणांनी 'मोरूची मावशी' केली ती मोठीच गोष्ट, मीही पोट धरून हसले आहे, पण ज्या प्रेक्षकांच्या आज्या सिंधूसाठी रडल्या होत्या त्यांना आता रडता येत नव्हतं. तळकोकणात दशावतारी अजून रात्र-रात्र राण्या उभ्या करतात, आपले आपण रंगतात, आपले आपण नेसतात, आणि माणसं हसत नाहीत. कुडाळला आपण पाहिलं होतं ना? तू आठ वर्षांचा होतास, माझ्या मांडीवरून उठून पुढे जाऊन बसलास आणि पहाटेपर्यंत हललाही नाहीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कारण तुझ्या निरोपात शेवटी अजून एक वाक्य आहे. "हे मी स्टेजसाठी करत नाही." त्यावर मी तीन पानं काहीच लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तर ऐक. हे मी तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं, नाहीतर त्यांनी अण्णांची कपड्यांची पेटी विकायच्या आधी मला विचारलं असतं. १९६७ च्या जुलैत बालगंधर्व गेले. बातमी आली त्या दिवशी अण्णा दुकानातून लवकर आले, जेवले नाहीत. रात्री मी पाणी प्यायला उठले तर माजघरात दिवा. अण्णा पेटीसमोर बसलेले, अंगावर जांभळं इरकली लुगडं, काठापदराचं, नीट चापूनचोपून नेसलेलं. वय छप्पन्न. मिशी तशीच. तोंडाला रंग नाही, डोक्यावर टोप नाही, समोर कुणी बघणारं नाही. गात नव्हते, रडत नव्हते. नुसते बसले होते, पाठ ताठ, एक हात पदरावर. मी दारातच थांबले. थोड्या वेळाने आई आतून आली, चहाचा कप त्यांच्यापाशी ठेवला आणि मला हाताने खूण केली, जा, झोप. सकाळी अण्णा नेहमीच्या वेळी धोतर नेसून, कोट घालून दुकानात गेले. आईने एक शब्द काढला नाही, मीही नाही. त्या रात्री अण्णांच्या चेहऱ्यावर होतं ते स्वास्थ्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि ते काल तुझ्या फोटोत दिसलं. शिवलेल्या नऊवारीतसुद्धा.

आईसारखं गप्प राहणं मला जमणार नाही, म्हणून विचारते. कपडे बदलतोस कुठे? खोलीवरच्या मुलांना माहीत आहे का? रात्री त्या वेषात रिक्षाने जातोस की चालत? एकटा असतोस का? अण्णा रंगपटातून मागच्या दाराने निघायचे तरी त्यांच्या मागे शिट्या यायच्या, आणि त्यांच्याबरोबर अख्खी कंपनी असायची. आता तर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. तो फोटो मला सोडून आणखी कुणाला पाठवलास? तुझ्या बाबाला? विनू वाईट नाही, पण तो घाबरला की ओरडतो, लहानपणापासून. त्याला तू आधी सांगू नकोस. मी बोलेन. माझ्यावर तो ओरडत नाही. आणि तोंडाला काय लावतोस ते बघून लाव. अण्णांच्या वेळी सफेदा आणि हिंगूळ फासायचे, त्यांच्या गालाची कातडी कायमची काळवंडली. स्वस्तातलं काही आणू नकोस, पैसे मी पाठवते.

जेवतोस ना नीट? फोटोत गळ्याची हाडं दिसताहेत.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. ते शिवलेलं आणू नकोस. एक साधी अर्धी विजार आण, आतून घालायला. पेटी गेली, पण इरकली माझ्याकडे आहे, ते आईने आधीच काढून ठेवलं होतं. आज दिवसभर गच्चीवर उन्हात दिलं. काठ दोन ठिकाणी उसवला आहे, तो मी या आठवड्यात रफू करते. संध्याकाळी खाली आणलं खरं, पण नऊ वारांची घडी घालायला दोन माणसं लागतात. खुर्चीवर तसंच ठेवलं आहे.

गाडीत बसलास की फोन कर.

तुझी,
आत्याआजी